बिबट्याचा डोळा, चितळाचं नाक

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबट्या आणि चितळ समोरासमोर येतात ते बहुधा तिन्हीसांजेला, नाहीतर पहाटे. कोण वाचणार हे तिथे पायांच्या आधी डोळे आणि नाक ठरवतात.

चितळाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. मान न वळवता त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, फक्त पाठीमागचा थोडा भाग सुटतो. रंगांच्या बाबतीत मात्र त्याची नजर उणी आहे. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या, त्याच्या डोळ्यात दोनच. तांबडा आणि हिरवा त्याला नीट वेगळे कळत नाहीत. त्यामुळे आपल्या नजरेत भरणारी बिबट्याची पिवळट-तांबूस कातडी त्याच्या लेखी झाडोऱ्यातच मिसळून जाते. ठिपक्यांमुळे अंगाची कडाही तुटते. उरते ती हालचाल, आणि ती चितळ पटकन टिपतं. म्हणून बिबट्या दबा धरून तसूतसूने सरकतो. चितळाने मान वर केली की उचललेला पंजा तसाच अधांतरी ठेवून थिजतो, आणि काही मीटरवर आल्याशिवाय झेप घेत नाही.

डोळा चुकला तर चितळाला नाक सावरतं. पण नाक वाऱ्याच्या भरवशावर. मुंबईत दुपारी वारा समुद्राकडून येतो. रात्री तो पडतो आणि गार हवा टेकड्यांवरून नाल्यांत उतरते. एकाच जागी उभ्या चितळाला दुपारी एका दिशेची खबर मिळते, रात्री दुसऱ्या. एकाला वास लागला की पाय आपटणं, शेपूट उभारणं, मग धोक्याचा कॉल. कळप सावध झाला की बिबट्या बहुतेकदा नाद सोडतो.

बिबट्या शिकार करतो ती मुख्यतः डोळ्या-कानांवर. त्याच्या दृष्टिपटलात मंद प्रकाशाला जागणाऱ्या दंडपेशी खच्चून भरलेल्या असतात आणि मागे चकाकणारा थर असतो. पेशींनी न पकडलेला प्रकाश तिथून परततो आणि त्यांना दुसरी संधी मिळते. बारीक तपशील यात थोडा पुसट होतो, पण अंधारात तो सौदा परवडतो.

नाक त्याला लागतं ते शेजाऱ्यांची खबर घ्यायला. बिबट्या झाडाच्या बुंध्यावर मागे लघवीचा फवारा मारतो. दुसरा तिथे येऊन हुंगतो, वरचा ओठ मुडपतो, तोंड उघडं ठेवतो. वरच्या पुढच्या दातांमागच्या दोन बारीक नळ्यांतून तो वास टाळूवरच्या जेकबसन इंद्रियात पोचतो. नर की मादी, मादी माजावर आहे का, हे त्याला त्यातून कळतं. पावसाळ्यात खुणा धुऊन जातात, त्या पुन्हा कराव्या लागतात.

ही अंधाराची नजर गाडीच्या दिव्यांपुढे मात्र हरते. झोत पडला की दंडपेशींतलं रंगद्रव्य उडतं आणि ते भरून यायला कित्येक मिनिटं लागतात. दिपलेला बिबट्या रस्त्यातच थबकतो. घोडबंदर रस्त्यावर जंगलाच्या कडेने जाताना म्हणूनच वेग कमी हवा आणि अप्पर बंद.

उद्यानाला लागूनच असलेल्या आरे कॉलनीत रात्री चालत असाल तर टॉर्च कानशिलापाशी धरा. चकाकणारा थर प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतो. टॉर्च कमरेशी असला तर ती चमक तुमच्या डोळ्यांपर्यंत नीट पोचत नाही. दोन ठिपके चमकले तर वाकू नका, बसू नका, कारण बसलेला माणूस लहान जनावराएवढा दिसतो. मूल सोबत असेल तर उचलून घ्या, मोठ्याने बोलत राहा आणि पाठ न फिरवता मागे सरका.