राग कुठला ते नंतर, आधी पावलं मोजा

माझे काका देवघराच्या उंबऱ्याशी अडकतात. ओसरीवरून ठीक चालत येतात, आणि उंबरा समोर आला की पाय चिकटल्यासारखे जागच्या जागी थांबतात. वरचं अंग मात्र पुढे निघालेलं असतं, म्हणून पडायची भीती. पार्किन्सन्सचं निदान होऊन सहा वर्षं झाली. डॉक्टर याला 'फ्रीझिंग' म्हणतात. काकू म्हणते, "झाली गाडी बंद."

मागच्या हिवाळ्यात दादाने, म्हणजे त्यांच्या मुलाने, म्युझिक थेरपी सुरू करायचं ठरवलं. निमित्त व्हॉट्सॲपवर फिरणारा एक तक्ता. मधुमेहाला एक राग, रक्तदाबाला दुसरा, गुडघेदुखीला तिसरा. शेजारी ऐकायची वेळ आणि मिनिटं. पार्किन्सन्सपुढे लिहिलं होतं, दरबारी कानडा. आता दरबारी तानसेनाचा म्हणून सांगतात आणि तानसेनाची कबर आमच्या ग्वाल्हेरातच, हजीऱ्यात, सूफी संत मोहम्मद घौसांच्या मकबऱ्याशेजारी. मग काय विचारता! दीपक रागाने दिवे पेटले हे इथल्या पोरांना बाराखडीच्या आधी कळतं. कबरीजवळच्या चिंचेचा पाला चावला की गळा गोड होतो असं मानणारेही आहेत. चिंचेच्या पाल्यात आम्ल असतं, तोंडाला पाणी सुटतं, घसा ओला होतो. तिथवर माझी काही हरकत नाही.

हरकत पुढच्या प्रकाराला आहे. शहरातल्या एका केंद्रात दादा काकांना घेऊन गेला. तीस बैठकांचे पैसे आधी भरून घेतले, जन्मतारीख आणि रास विचारली, डोळे मिटायला सांगितले आणि स्पीकरवर दरबारीचा आलाप लावला. चाळीस मिनिटांनी काका घोरत होते. तेवढ्या वेळात "जरा चालून दाखवा" असं त्यांना एकदाही कुणी म्हटलं नाही.

मी बत्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, तबला हौसेपुरता वाजवते. डॉक्टर नाही. पण या विषयावर वाचत गेले तसं लक्षात आलं, की आपल्या सुरांच्या गावात सगळं श्रेय सुराला जातं आणि पायांच्या बाबतीत खरं काम लय करते. 'कुठला राग?' हा प्रश्न घेऊन जाणारं कुटुंब पहिल्याच पावलाला चुकतं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. घरात गाणी लावणं चांगलंच, त्याला उपचार म्हणायचं कारण नाही. गाण्याचा क्लास वेगळा, तिथे गाणं यावं लागतं. संगीतोपचारात गाणं नाही आलं तरी बिघडत नाही, पण पाऊल लांब पडायला हवं, अडलेला शब्द बाहेर यायला हवा, आणि तसं झालं की नाही ते मोजता यायला हवं. मोजमाप नसेल तर ती करमणूक. करमणूकही हवीच, फक्त तिचे पैसे करमणुकीच्या भावाने द्यावेत.

आता माझ्या आवडीचा भाग. घरी एक प्रयोग करून बघा. मोबाइलवर मेट्रोनोम लावा, मिनिटाला ८० ठोके, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर टेबलावर बोट आपटा. बोट बरोबर ठोक्यावर पडतंय असं तुम्हाला वाटेल. प्रयोगशाळेत मोजलं तर बहुतेकांचं बोट ठोक्याच्या किंचित आधी पडतं, सेकंदाच्या काही शतांश भागांनी. आधी! अवचित वाजलेल्या आवाजाला प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण ०.१५ सेकंद लागतो. ठोका ऐकून मग बोट हलवलं असतं तर ते दर वेळी तेवढं उशिरा पडलं असतं. याचा अर्थ, पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज बांधून मेंदू हुकूम आधीच सोडून बसलेला असतो. मैफलीत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान हलते ती अशीच. सम ऐकून मग मान हलवणारा नवखा शेजारच्याला लगेच कळतो.

हा अंदाज बांधणारं घड्याळ मेंदूत एकाच जागी नाही. खोल आत बेसल गँग्लिया नावाचे पेशींचे पुंजके आहेत. त्यातला पुटामेन आणि माथ्याखालचा 'सप्लिमेंटरी मोटर एरिया' नावाचा पट्टा यांची सतत देवाणघेवाण चालू असते. कुणी ताल धरलेला नसताना आपण एका लयीत चालतो, जिना उतरतो, ताक घुसळतो, ते बरंचसं या जोडीच्या भरवशावर. जोडीला डोपामिन नावाचं रसायन लागतं. ते पुरवणाऱ्या, सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या पेशी पार्किन्सन्समध्ये मरत जातात. मग पाय शाबूत, स्नायूंत ताकद आहे, पण आतून 'हं, आता' म्हणणारं कुणी उरत नाही. पावलं आखूड आणि घाईची होतात, आणि दारासारख्या अरुंद जागी पार थांबतात.

बाहेरून ठोका मिळाला की काम दुसऱ्या वाटेने निघतं. लहान मेंदू आणि हालचालीची तयारी करणारा 'प्रीमोटर कॉर्टेक्स' नावाचा भाग यांच्या मदतीने बिघडलेल्या जोडीला वळसा घातला जातो, असं संशोधक मानतात. आणखी एक आडवाट आहे, आणि मला तीच जास्त भावते. कानाची नस मेंदूच्या देठात जिथे शिरते त्याच परिसरात 'रेटिक्युलर फॉर्मेशन' नावाचं जाळं आहे. त्याचे धागे सरळ पाठीच्या कण्यात उतरतात. फटाका फुटल्यावर विचार करायच्या आत आपण दचकतो ते या वाटेने. ठेका ऐकताना आपण दचकत नाही, पण स्नायूंना हुकूम देणाऱ्या कण्यातल्या पेशी तेवढ्यापुरत्या जाग्या होतात, धावायच्या शर्यतीत 'सावधान' ऐकून अंग जरा पुढे झुकावं तशा. रॉसिन्योल आणि मेलव्हिल जोन्स या दोघांनी १९७६ मध्ये पोटरीच्या स्नायूंवर हा परिणाम मोजून दाखवला. (हे दोन परिच्छेद जड गेले असतील तर एवढंच धरा: आतलं घड्याळ बंद पडलं तरी बाहेरच्या घड्याळावर पाय चालू शकतात.)

पण बाहेरचं घड्याळ कानाला पकडता यायला हवं. दोन ठोक्यांमध्ये दोनेक सेकंदांचं अंतर पडलं की कान ते जोडू शकत नाही, प्रत्येक ठोका सुटा पडतो. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात तबलजी मात्रांच्या मधल्या पोकळीत 'तिरकिट' भरतो. मला विचाराल तर ती गायकाच्या आणि श्रोत्याच्या मेंदूला धरायला दिलेली दोरी आहे. आमची ग्वाल्हेर गायकी बडा ख्यालसुद्धा फार संथ गात नाही, हेही मला यामुळे आवडतं. आलापात तर ठोकाच नसतो. त्या केंद्रातल्या दरबारीत काकांच्या पायांना धरायला काही नव्हतंच. डोळ्यांना होतं, ते मिटले.

लयीच्या या गुणाचा उपचार केला तो अमेरिकेतल्या मायकेल थाउट यांच्या गटाने, १९९० च्या दशकात. नाव 'रिदमिक ऑडिटरी स्टिम्युलेशन'. १९९६ च्या त्यांच्या अभ्यासात पार्किन्सन्सच्या रुग्णांनी तीन आठवडे ठोका मिसळलेल्या संगीतावर रोज चालण्याचा सराव केला. त्यांचा चालण्याचा वेग २५ टक्क्यांनी वाढला. ठोक्याशिवाय तेवढाच सराव करणाऱ्यांचा ७ टक्क्यांनी. गट लहान होते, आणि पार्किन्सन्स यामुळे बरा होत नाही. चालणं सुधारतं, आणि सराव चालू ठेवावा लागतो.

इथे मोजण्याला महत्त्व येतं. निरोगी माणूस सहज चालताना मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलं टाकतो. उपचारात आधी रुग्णाची स्वतःची पावलं मोजतात, ठोका तेवढ्यावरच ठेवतात, आणि जमलं की ५ ते १० टक्क्यांनी वाढवतात. पण अडकणाऱ्यांना लय उलट थोडी उतरवलेली मानवू शकते. म्हणून सगळ्यांना एकच पेनड्राइव्ह देणाऱ्यापासून लांब राहा.

काकांची पावलं फिजिओथेरपिस्टने मोजली. मिनिटाला १२४, आणि प्रत्येक पाऊल वीतभर. ठोका ११२ वर ठेवायचं ठरलं. पहिल्या दिवशी आमची फजिती झाली. मोबाइलचा मेट्रोनोम टिकटिक करतोय आणि काका ढिम्म. मग कळलं, त्यांना ती टिकटिक ऐकूच येत नव्हती. वय झालं की आधी उंच पट्टीचे आवाज जातात, आणि मेट्रोनोमची टिकटिक नेमकी तिथली असते. तेव्हा थेरपीच्या आधी कान तपासून घ्या, यंत्र असेल तर त्याचे सेल बघा. मी तबला काढला, केहरवा धरला. धागे, नाती, नके, धिन. चार जोड्या, चार पावलं. डग्ग्याची घुमारी त्यांना बरोबर ऐकू आली. दिंडीत पावली खेळणाऱ्याला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

काही पथ्यं मात्र कडक आहेत. सराव करताना बाजूला एक माणूस हवाच. रस्त्यावर दोन्ही कानांत हेडफोन अजिबात नको. पार्किन्सन्सच्या औषधाची, म्हणजे लेव्होडोपाची, गोळी बंद करायची नाही. उलट गोळीचा असर असतानाची वेळ सरावाला धरा आणि ती डॉक्टरांना विचारून ठरवा. 'औषध सोडा, राग धरा' असं कुणी म्हणालं तर चपला घाला आणि निघा. संगीताने फिट येणारी माणसंही असतात, फार थोडी, पण फेफऱ्याचा इतिहास असेल तर तो पहिल्या भेटीतच सांगावा.

इतर आजारांबद्दल थोडक्यात. लकव्यानंतर, म्हणजे मेंदूच्या झटक्यानंतर, ज्यांना समजतं पण बोलता येत नाही, त्यांच्यातले काही जण गाऊ शकतात. त्यावरून १९७३ मध्ये बॉस्टनमध्ये 'मेलॉडिक इंटोनेशन थेरपी' निघाली. 'पाणी दे' एवढंच वाक्य दोन सुरांत, संथ, डाव्या हाताने टेबलावर ताल देत म्हणायचं, आणि हळूहळू सूर काढून घेत बोलण्यावर यायचं. हे काम स्पीच थेरपिस्टबरोबरच करायचं. फिनलंडमधल्या २००८ च्या एका अभ्यासात लकव्यानंतर दोन महिने रोज तासभर गाणी ऐकणाऱ्यांची शाब्दिक स्मृती आणि एकाग्रता, गोष्टी ऐकणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली. ती गाणी रुग्णांनी स्वतः निवडलेली होती. सुनेने निवडलेली नव्हेत.

स्वमग्न मुलांच्या आईवडिलांना मात्र जपून राहायला सांगेन. २०१७ मध्ये नऊ देशांतल्या, ४ ते ७ वर्षांच्या ३६४ मुलांवरच्या संगीतोपचाराच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. पाच महिन्यांनंतर मूळ लक्षणांत लक्षणीय फरक दिसला नाही. मूल रमतं, हसतं, तेही मोलाचं. पण 'सहा महिन्यांत बोलायला लागेल' असं वचन कुणी देत असेल तर त्याला आधार नाही. शिवाय काही मुलांना मोठा आवाज अक्षरशः टोचतो, त्यांनी कान झाकले की थांबायचं.

आणि ते ४३२ हर्ट्झला सूर लावायचं खूळ! '४४० ने मन बिघडतं, ४३२ ने सावरतं' म्हणे. ४४० हा वाद्यं एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरवलेला आकडा आहे. आपल्याकडे तर षड्जच, म्हणजे 'सा'च, बांधलेला नाही. पेटीवर एकाचा काळी एक, दुसरीचा काळी चार, तंबोरा त्याप्रमाणे लागतो. ठरावीक आकड्यातच औषध असतं तर अर्ध्या घराण्याला बाधा झाली असती.

पैसे भरायच्या आधी काय विचारायचं? नेमकं काय सुधारायचं आहे, ते आज किती आहे, आणि किती आठवड्यांनी पुन्हा मोजणार. फरक नाही पडला तर काय करणार. शिक्षण कुठे झालं, किती महिन्यांचं, प्रत्यक्ष रुग्णांबरोबर किती काम केलं. स्पीच थेरपिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती मागून बघता येते. परिषदेच्या यादीत संगीतोपचारकांचा वेगळा वर्ग नाही. 'म्युझिक थेरपिस्ट' अशी पाटी उद्या आमच्या महाराज बाड्याच्या चौकात मीसुद्धा लावू शकते. आणि बैठका चार-चारच्या घ्या, तीसच्या नको.

ओसरीपासून देवघरापर्यंत काकांना आधी २६ पावलं लागायची, आता २१ लागतात. उंबऱ्याशी अजूनही अडकतात, पण रोज नाही. मी नसले की काकू ओट्यावर पळी आपटते. तिचा हात घाईचा. परवा काका उंबऱ्यावर एक पाय आत, एक बाहेर असे उभे राहून तिच्यावर ओरडत होते, "अगं, लय चढतेय तुझी!"