क्रॉसओव्हर: थिएटरातून मिरवणुकीत, मिरवणुकीतून घरात

कोल्हापुरात ‘डॉल्बी’ म्हणजे मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेली बॉक्सची भिंत. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये काढलेल्या कंपनीचं मूळ काम टेपवरची खरखर घालवण्याचं. या भिंतीशी त्याचा काही संबंध नाही, नाव तेवढं चिकटलं. पण त्या भिंतीमागचा रॅक एकदा जवळून बघावा. मिक्सरमधून निघालेला आवाज आधी क्रॉसओव्हरमध्ये जातो, तिथे बास, मिड आणि टॉप अशी वाटणी होते आणि प्रत्येक वाट्याला स्वतंत्र अँप्लिफायर मिळतो. घरी गाणं ऐकण्यासाठी हौशी मंडळी जी अॅक्टिव्ह सिस्टीम बांधतात, तिची मांडणी हीच.

वाटणी करावी लागते, कारण डग्ग्याचा घुमारा आणि तंबोऱ्याची जवारी स्पीकरच्या एकाच कोनाला, म्हणजे थरथरणाऱ्या पडद्याला, पेलत नाहीत. घुमाऱ्याला मोठा कोन हवा, जवारीला हलका आणि छोटा. आज वापरतो त्या मूव्हिंग कॉइल स्पीकरचा पाया राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये घातला. मग बोलपट आले. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेल्या ‘प्रभात’ने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ बोलता केला. त्याच दशकात एमजीएम स्टुडिओत डग्लस शिअरर आणि जॉन हिलिअर्ड यांनी थिएटरसाठी खालचे सूर एका हॉर्नला, वरचे दुसऱ्याला, अशी टू-वे सिस्टीम उभी केली.

तेव्हा ही वाटणी सहसा अँप्लिफायरच्या नंतर, कॉइल-कपॅसिटरने व्हायची. आजही दुकानातल्या बहुतेक स्पीकरांत तशीच होते, आणि खरी अडचण तिथेच आहे. स्पीकरवर ‘८ ओहम’ असा त्याचा विजेला होणारा अडथळा लिहिलेला असतो, पण सूर बदलला की ओहमही बदलतो. कोन हलवणारी व्हॉइस कॉइल तापली की आणखी बदलतो. त्यामुळे दोन स्पीकरांमध्ये सुरांची आखलेली हद्द जागची हलते. ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, जास्त जोरात वाजत असेल तर त्याची ताकद रेझिस्टरमध्ये जाळावी लागते. वाटणी अँप्लिफायरच्या आधी केली की हे सगळं टळतं. पण त्यासाठी तीन-तीन अँप्लिफायर लागतात, आणि व्हॉल्व्हच्या काळात तो खर्च घरात कोण करणार? ट्रान्झिस्टर आणि ऑप-अँपच्या चिपांनी तो आवाक्यात आणला.

१९७६ मध्ये सिगफ्रीड लिंकविट्झ यांचा अशा क्रॉसओव्हरवरचा शोधनिबंध आला. रस रायली हे त्यांचे हेवलेट-पॅकार्डमधले सहकारी, म्हणून त्यातल्या फिल्टरला लिंकविट्झ-रायली असं दोघांचं नाव आहे. बटरवर्थ यांनी १९३० मध्ये मांडलेले दोन फिल्टर एकापुढे एक जोडायचे, एवढीच युक्ती. मला तरी या सगळ्या इतिहासातली ती सर्वांत देखणी वाटते. हद्दीवर दोन्ही स्पीकर ६ डेसिबलने खाली, म्हणजे निम्मे-निम्मे, आणि एकाच फेजमध्ये, म्हणजे दोघांच्या लहरी एकत्रच वर-खाली. बेरीज बरोबर पूर्ण.

डीएसपीने, म्हणजे आवाजाचे आकडे करून हिशेब करणाऱ्या चिपने, त्यात वेळेची भर घातली. आवाजाची सेकंदाला ४८,००० मापं, म्हणजे सॅम्पल, धरली तर एका सॅम्पलच्या वेळात आवाज जेमतेम ७ मिलिमीटर पुढे जातो. माझ्या बॉक्समध्ये ट्वीटरची कॉइल मिडच्या कॉइलपेक्षा ३ सेंटिमीटर पुढे आहे. पूर्वी यासाठी सुताराकडून पायरीचा बॉक्स करून घ्यावा लागायचा. आता ट्वीटरला चार सॅम्पलचा उशीर दिला की काम झालं. मात्र ट्वीटरला थेट अँप्लिफायर जोडण्याची चूक कुणी करू नये. माझा पहिला ट्वीटर स्विच टाकल्यावरच्या ‘धप्प’ आवाजातच गेला. तेव्हापासून त्याच्या वायरीत संरक्षणाला एक कपॅसिटर आहेच.

देवल क्लब ही गायनसंस्था १८८३ पासून चालवणाऱ्या, अल्लादिया खाँसाहेबांना ऐकलेल्या या गावात सिस्टीमची परीक्षा गाण्यावरच होते. माझी बास-मिडची हद्द ३५० हर्ट्झवर आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मध्य षड्ज साधारण १३८ हर्ट्झ, म्हणजे तार गंधार ३४६ च्या आसपास, नेमका हद्दीवर. तो स्वर अर्धा वूफरमधून, म्हणजे बासच्या स्पीकरमधून, अर्धा मिडमधून येतो. जुळणी तपासायला मी डीएसपीत मिडची पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, उलटी करतो आणि मीटरभर अंतरावर माईक ठेवतो. दोघांनी एकमेकांना खोडलं की आलेखात तिथे खोल खड्डा पडतो. परवा तो तिरका, उथळ आला. मिडचा उशीर थोडा थोडा वाढवत गेलो, तेव्हा खड्डा सरळ खाली गेला. मग पोलॅरिटी पूर्ववत केली आणि तोच तार गंधार पुन्हा लावला.