विषय अडला की भाषा? द्विभाषिक शाळेचा ऑनलाइन तास

समोरासमोरच्या वर्गात शिक्षक मुलांचे चेहरे वाचतो. भुवई उंचावली, पेन थांबले, शेजाऱ्याच्या वहीत डोकावणे सुरू झाले की त्याला कळते, इथे काहीतरी निसटले. पडद्यावर उरतात नखाएवढ्या चौकटी, त्यातल्या निम्म्या काळ्या. द्विभाषिक शाळेत अडचण दुप्पट होते, कारण गप्प बसलेल्या मुलाला विषय कळला नाही की ज्या भाषेत तो सांगितला ती कळली नाही, हे त्या चौकटीतून दिसत नाही. दोन्हींवरचे उपाय मात्र वेगळे आहेत.

मुलाच्या गप्पांवरून अंदाज बांधू नये. जिम कमिन्स या संशोधकाने १९७९ मध्ये रोजच्या संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक दाखवला. खेळताना, भांडताना लागणारी दुसरी भाषा साधारण दोन वर्षांत येते. धड्यातली भाषा पेलायला पाच ते सात वर्षे लागतात. त्यामुळे मधल्या सुट्टीत फाडफाड बोलणारी मुलगी 'बाष्पीभवनाचा दर कशावर अवलंबून असतो' या प्रश्नावर अडखळली, तर त्यात नवल नाही.

पहिली गळती आवाजात होते आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये एका वाक्यातला 'स' पुसून तिथे खोकल्याचा आवाज भरला. ऐकणाऱ्यांना अक्षर गेल्याचे जाणवलेच नाही. मेंदू संदर्भावरून भोके बुजवतो. पण त्यासाठी शब्द आधीच ओळखीचा लागतो. घरच्या भाषेत तुटक आवाजही चालून जातो, नव्या भाषेत तोच आवाज म्हणजे न सुटणारे कोडे. त्यातच स, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारी बरीच ऊर्जा उच्च कंप्रतेत, म्हणजे आवाजाच्या वरच्या पट्टीत असते आणि जुन्या टेलिफोनचा पट्टा ३४०० हर्ट्झलाच संपायचा. आजही ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू केला की अनेक उपकरणे आवाजाचा दर्जा खाली आणतात. म्हणून शिक्षकाने तारेचा माइक वापरावा, तो तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर पण श्वासाच्या झोतापासून जरा बाजूला असावा. पंखा बंद, मागे पडदा किंवा कपड्यांचे कपाट. मोकळ्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो आणि शब्दांच्या कडा पुसट होतात. नेट अडखळले तर आधी चित्र बंद करावे, आवाज नाही: ६४ किलोबिट प्रति सेकंद दराने तासभराचा आवाज २९ एमबीत मावतो, ६०० किलोबिटच्या चित्राला २७० एमबी लागतात.

आता भाषांची वाटणी. बहुतेक शिक्षक प्रत्येक वाक्य लगेच दुसऱ्या भाषेत सांगतात. हेतू चांगला, परिणाम उलटा: मुले कच्च्या भाषेतले वाक्य सोडून देतात आणि ओळखीच्या वाक्याची वाट पाहतात. स्वयंचलित उपशीर्षकांचेही तेच. ती सहसा एका भाषेवर बेतलेली असतात. वाक्याच्या मध्येच भाषा बदलली की पडद्यावर विनोदी मजकूर उमटतो. भाषा तुकड्यांनी बदलावी. ४० मिनिटांच्या तासात पहिली सहा मिनिटे घरच्या भाषेत ओळख, मग दुसऱ्या भाषेत सहा-सहा मिनिटांचे दोन तुकडे, १२ मिनिटे चौघांच्या गटात कोणत्याही भाषेत चर्चा आणि शेवटची सात मिनिटे मुलांचे सांगणे. उरलेली तीन गटांत जाण्यायेण्यात उडतातच. सहा मिनिटेच का? २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या ६९ लाख व्हिडिओसत्रांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सहा मिनिटांहून लहान व्हिडिओ सर्वांत चिकाटीने पाहिले गेले होते. आणि ते महाविद्यालयीन पातळीचे अभ्यासक्रम होते.

एका भाषेत ऐकून किंवा वाचून दुसरीत मांडणे ही पद्धत वेल्समध्ये शिक्षणतज्ज्ञ केन विल्यम्स यांनी १९९४ मध्ये मांडली. तिची ताकद अशी की रट्टा चालत नाही. वाक्य जसेच्या तसे ओकता येत नसल्याने अर्थ पचवावाच लागतो.

तासाच्या आदल्या दिवशी सहा ते आठ शब्दांचा तक्ता पाठवावा: दोन्ही भाषांतला शब्द, चित्र, एक वाक्य आणि उच्चाराची छोटी ध्वनिफीत. अवघड दिसणाऱ्या शब्दांपेक्षा सोपे वाटणारे शब्द जास्त फसवतात. 'फोर्स' म्हणजे बल, 'एनर्जी' म्हणजे ऊर्जा, 'पॉवर' म्हणजे शक्ती. बोलताना मात्र तिन्हींना आपण 'ताकद' म्हणून मोकळे होतो. आकड्यांत सापळा आणखी खोल आहे. 'सत्तेचाळीस' मध्ये सात आधी ऐकू येतात, 'फॉर्टी-सेव्हन' मध्ये चाळीस. नुसते ऐकून लिहिणारे मूल ४७ चे ७४ करते आणि शिक्षक गणित कच्चे म्हणतो. 'चारपैकी तीन' म्हणताना छेद आधी येतो, 'थ्री आउट ऑफ फोर' मध्ये अंश. संख्या बोलताना ती पडद्यावर लिहावीच.

प्रश्न विचारल्यावर थांबणेही मोजून हवे. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांच्या १९७० च्या दशकातल्या निरीक्षणांत शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत. ते थांबणे तीन सेकंद केल्यावर उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक आली. ऑनलाइन तासात नेटची दिरंगाई आणि मनातले भाषांतर धरून मनात सातपर्यंत मोजावे. हुशार दोघांनीच बोलू नये म्हणून सगळ्यांनी उत्तर टंकून ठेवावे आणि 'पाठवा' म्हटल्यावरच पाठवावे. टंकन जमत नसेल तर पाटीवर लिहून कॅमेऱ्यासमोर धरावे. स्वतःला अक्षरे उलटी दिसली तरी इतरांना सहसा सुलटी दिसतात, हे मुलांना आधीच सांगावे, नाहीतर काही जण मुद्दाम उलटे लिहितात.

सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर चाचणीत मिळते. एकाच संकल्पनेवर दोन प्रश्न काढावेत, आकडे आणि प्रसंग वेगळे, काठिण्य सारखे. एक घरच्या भाषेत, एक दुसरीत. अर्ध्या मुलांना भाषांची अदलाबदल करून द्यावी, म्हणजे एखादा प्रश्नच जड असेल तर तो उघडा पडेल. घरच्या भाषेत बरोबर आणि दुसरीत चूक, तर शब्दांवर काम. दोन्हींत चूक, तर धडा पुन्हा, तोही घरच्या भाषेत. दुसरीत बरोबर आणि घरच्या भाषेत चूक, असेही होते: पारिभाषिक शब्द एकाच भाषेत शिकवल्याची ती खूण. एका प्रश्नावरून निकाल देऊ नये, निदान चार जोड्या पाहाव्यात. चाचणी दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने घ्यावी. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात आठवड्यानंतर, आठवून पाहणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर सांगता आला, नुसते पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के.

गुण यंत्र देणार असेल तर एक तपासणी आधी करावी. संगणकाला देवनागरी ५ आणि इंग्रजी 5 ही दोन वेगळी अक्षरे वाटतात, शब्दामागची मोकळी जागाही वेगळी वाटते, आणि 'किंमत' लिहिले की 'किमत' याबाबत तो शिक्षकाहून कडक असतो. उत्तरसूचीत दोन्ही अंक आणि नेहमीची लेखनरूपे भरली नाहीत, तर पडद्यावर 'चूक' असे लाल अक्षरांत उमटेल, आणि मुलाचा ना विषय अडलेला असेल, ना भाषा.