तयारीचे स्केच आणि चित्राच्या कागदावरचे रेखांकन

गावातल्या दृश्याचे जलरंगचित्र करण्याआधी जागेवर बसून स्केच करावे, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण ते स्केच आणि नंतर जलरंगाच्या कागदावर पेन्सिलीने केलेले रेखांकन या दोन गोष्टी सर्रास एकच समजल्या जातात. त्यामुळे वहीत नुसत्या रेषा उरतात आणि चित्राच्या कागदावर मात्र मनसोक्त शेडिंग केले जाते, म्हणजे सगळेच उलटे होते.

रेखांकन सर्वांच्या सवयीचे असल्याने ते थोडक्यात आटोपतो. एचबी किंवा २बी पेन्सिल, हलका हात, आणि छपराची कड, वाटेचे वळण, सावलीची हद्द एवढ्याच रेषा पुरे. खोडरबर जोरात घासला की कागदाचे साइझिंग (रंग एकदम शोषला जाऊ नये म्हणून कागदाला दिलेला लेप) दुखावते आणि नेमका तिथे रंग जास्त शोषला जाऊन डाग दिसतो. गडद पेन्सिल पारदर्शक रंगाखालून मळकट डोकावते, आणि वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट थर, वाळल्यावर ती सहसा नीट खोडताही येत नाही. स्केच लहान असते, त्याला साधा कागद आणि ४बी किंवा ६बी पेन्सिल चालते, हे फरक किरकोळ आहेत.

खरी गफलत होते ती छटांच्या बाबतीत. जलरंगात पांढरे म्हणजे कोरा कागद, आणि काम उजळाकडून गडदाकडे जाते. एकदा झाकलेला उजेड पूर्णपणे परत मिळवणे फार अवघड असते. म्हणून काय कोरे राहणार, काय मधल्या छटेत जाणार आणि काय गडद होणार, याचा निकाल रंगात ब्रश बुडवण्यापूर्वीच लागला पाहिजे, आणि तो लावण्याची जागा म्हणजे तयारीचे स्केच.

उन्हातली पांढरी भिंत आणि तिच्यामागे गर्द झाड, एवढे साधे दृश्य घ्या. रेषांच्या स्केचमध्ये दोहोंच्या मध्ये एक रेघ येते, आणि ती रेघ कोण उजळ व कोण गडद याबद्दल काहीच सांगत नाही. छटांच्या स्केचमध्ये झाड ६बीने भरून टाकले की भिंतीची कड आपोआप उमटते, रेघ लागतच नाही. आता डोळे किलकिले करून पाहा: भिंतीची सावलीतली बाजू, छपराखालचा अंधार आणि जमिनीवर पडलेली सावली हे तीन भाग मिळून एकच सलग आकार झालेला दिसतो. ज्याने हे स्केचमध्ये पाहिले, तो हा आकार चित्रात एकाच ओल्या वॉशमध्ये, रंग बदलत बदलत, खाली ओढून आणतो. ज्याच्याजवळ फक्त रेषा आहेत, तो तीन तुकडे वेगवेगळे रंगवतो, मध्ये कोरड्या कडा राहतात आणि चित्र विस्कळीत होते. मग दोष कागदाला दिला जातो!

‘मोबाइलमध्ये फोटो आहे की’ हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. भर उन्हातल्या फोटोत सावल्या बहुधा काळ्या ठिक्कर येतात आणि प्रत्यक्ष दिसणारा सावलीतला परावर्तित उजेड हरवतो. शिवाय काय गाळायचे, हे कॅमेरा ठरवत नाही. इंग्रज चित्रकार टर्नर प्रवासात बहुतांशी पेन्सिलीच्या रेषांवरच भागवत असे आणि रंगकाम पुष्कळदा नंतर करत असे, हा दाखला हमखास पुढे केला जातो. पण त्याच्यासारखी स्मरणशक्ती आपल्याजवळ आहे असे गृहीत धरणे धाडसाचे आहे.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो, तेव्हा स्केच दहा-पंधरा मिनिटांत संपवावे, त्यावर वेळ लिहावी आणि उजेडाची दिशा बाणाने दाखवावी. पुढे सावल्या हलल्या तरी चित्रात स्केचमधल्याच ठेवाव्यात. स्केचची चौकट मात्र चित्राच्याच प्रमाणात आखावी: चित्र ११ × १५ इंचांचे असेल तर चौकट ५.५ × ७.५ सेंटिमीटरची, नाहीतर मोठे करताना कडेचे झाड कागदाबाहेर जाते.