चिखल कुठला, गंज कुठला

बेळगावकडच्या जांबोटीहून चोर्ला घाटाकडे जुलैत एकदा दुचाकी गाडी नेऊन आणली की चाकांवर, चेनकव्हरवर, मडगार्डच्या आत तांबड्या मातीचा जाड लेप बसतो. घरी येऊन पाइप धरला की बराचसा रंग वाहून जातो. थोडा मात्र स्पोकच्या मुळाशी आणि नटांच्या खाचेत राहतो, बोटाने घासला तरी हलत नाही. तो चिखल नव्हे, गंज.

दोघांचा रंग इतका सारखा आहे, कारण दोघांचं घराणं एक आहे. खानापूरच्या पश्चिम अंगाला जो जांभा दगड आणि त्याची माती आहे, तिचा तांबडेपणा लोखंडाच्या ऑक्साइडांमुळे आहे. त्यातलं एक खनिज म्हणजे गोथाइट. ग्योटे या जर्मन कवीच्या नावावरून त्याला हे नाव पडलं. तेच गोथाइट गाडीवरच्या गंजातही असतं. लोखंड खाणीतून निघतं तेच ऑक्सिजनला धरून. भट्टीत कोळसा जाळून आपण त्यांची फारकत करतो. मग ते बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, असो की मडगार्डचा पत्रा, हवा आणि पाणी एकत्र भेटलं की ते पुन्हा मातीच्या रूपाकडे निघतं. दोन्ही लागतात. नुसत्या कोरड्या हवेत लोखंड वर्षानुवर्षं टिकतं.

हे नेमकं कसं घडतं ते केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी मिठाच्या पाण्याच्या एका थेंबातून दाखवलं. स्वच्छ लोखंडी पत्र्यावर थेंब ठेवला, तर धातू झिजतो तो थेंबाच्या मध्यभागी, काठावर नाही. काठाला हवेतला ऑक्सिजन भरपूर मिळतो, मध्यभागी कमी. म्हणून मध्यभागचं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतं, ते इलेक्ट्रॉन धातूतूनच काठाकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन ते घेतो. म्हणजे प्रत्येक थेंब ही एक छोटी बॅटरी. तांबडं वळं दिसतं ते या दोन जागांच्या मध्ये.

आता मडगार्डच्या आत चिकटलेला ओला चिखल डोळ्यासमोर आणा. थेंबाच्या मध्यभागासारखीच त्याच्याखाली हवा कमी पोचते, ओल मात्र आठवडाभर टिकते. वरून सगळं ठीक दिसतं आणि खालून पत्र्याला भोक पडतं. गाडी वरून चकचकीत धुऊन आतला चिखल तसाच ठेवणं मला म्हणूनच सगळ्यात घातक वाटतं. माझ्या ओळखीचे एक जुने मिस्त्री गाडी बघण्याआधी मडगार्डखाली हात घालतात. तीच खरी तपासणी.

क्रोमची गोष्ट वेगळी आहे. हँडल, सायलेन्सर, रिम यांवरचा चकाकता क्रोम एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. त्याच्याखाली निकेलचा जाड थर आणि त्याखाली पोलाद. खडी उडून बारीक चीर पडली की पाणी थेट पोलादापर्यंत जातं. क्रोम आणि निकेल स्वतः झिजत नाहीत, ते पोलादाला झिजवतात. मोठ्या चकाकत्या पृष्ठभागावर ऑक्सिजन जे इलेक्ट्रॉन घेतो ते सगळे त्या टाचणीएवढ्या छिद्रातल्या पोलादाला पुरवावे लागतात, म्हणून तिथे खोल खड्डा पडतो. जस्ताचा मुलामा याच्या उलट वागतो. ओरखडा आला तरी जस्त आधी स्वतः झिजतं आणि पोलादाला राखतं.

क्रोमवरचे तांबडे ठिपके काढायला घरातला अॅल्युमिनियमचा कागद उत्तम. चुरगाळा, पाण्यात बुडवा, हलक्या हाताने घासा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा कितीतरी मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. लोखंडी घासणी वापरू नका. तिचे बारीक तुकडे चिरांमध्ये अडकतात आणि तेच पुढे गंजतात. सुट्या नट-बोल्टांना व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात काही तास ठेवलं की गंज सुटतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच पुसायचं, नाहीतर ताजं उघडं पोलाद तासाभरात पुन्हा तांबूस होतं. बाजारात मिळणारी फॉस्फोरिक आम्लाची औषधं गंजाचं काळसर फॉस्फेट करतात, त्यावर रंग चांगला धरतो. संडास धुण्याचं अॅसिड मात्र गाडीच्या आसपासही आणू नये. त्यातलं क्लोराइड खाचेत राहून गंज पुन्हा उभा करतं, त्याच्या वाफेने शेजारचे पाने-पकडीही तांबडे पडतात.

धुतल्यावर पुसणं हे धुण्याइतकंच काम आहे. आमच्याकडे खंडेनवमीला सकाळी गाडी धुवून, हळद-कुंकू लावून, हार घालून उभी करतात. पाणी खाचेतच राहतं. माझे काका मात्र गाडी धुतल्यावर जुन्या धोतराच्या फडक्याने नट न नट पुसायचे. एकदा मी नुसता पाइप घेऊन उभा होतो, तर म्हणाले, "काय करूलालास? पाणी मारून ठेवलंस, आता ते काढणार कोण?" इंजिन थंड असताना धुवायचं, बेअरिंग आणि वायरिंगवर जोराचा फवारा मारायचा नाही, पुसून झालं की गाडी थोडी फिरवून आणायची. मग चेनला तेल. पाणी हटवणारा स्प्रे नटांवर चालतो, चेनचं वंगण म्हणून पुरत नाही. ब्रेकच्या डिस्कवर आणि लायनरवर यातलं काहीच जाता कामा नये.

आतून गंजणाऱ्या दोन जागा नजरेतून सुटतात. पहिली सायलेन्सर. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. लांबच्या प्रवासात सायलेन्सर तापून ती वाफ निघून जाते. टिळकवाडीतून शहापूरपर्यंत दूध आणायला गेलात आणि परत आलात, तर ती आतच थंड होऊन साचते. गाडी रोज थोडीथोडीच चालत असेल तर आठवड्यातून एकदा वीसेक किलोमीटर नेऊन आणा.

दुसरी जागा टाकी. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच भागातल्या उसाचं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं आणि तिथला पत्रा खातं. अर्ध्या टाकीत वरची जागा दमट हवेने भरलेली असते. म्हणून पावसाळ्यात महिनाभर गाडी उभी राहणार असेल, तर काठोकाठ नव्हे पण भरपूर पेट्रोल भरून ठेवा आणि परत काढाल तेव्हा झाकण उघडून टॉर्चने टाकीचा तळ बघा.