पाळी गेल्यावर दिसलेला डाग

नागपुरात नवतपा लागला होता, पारा 45 च्या पुढे. सक्करदऱ्याला राहणाऱ्या माझ्या मावशीची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि अचानक मधूनमधून लाल डाग दिसू लागला. "काही नाही ना बाई, उष्णता बाधली असन," असं म्हणून तिनं सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, गुलकंद सगळं करून पाहिलं. डाग थांबायचा, परत दिसायचा. दोन महिने असेच गेले. शेवटी धंतोलीत सोनोग्राफी झाली, तेव्हा गर्भपिशवीत दीड सेंटिमीटरचा पॉलिप निघाला.

उन्हाबद्दलचा हा समज आपल्याकडे इतका घट्ट आहे की आधी त्याचंच बोलते. बाहेर 45 अंश असले तरी घाम गाळून शरीर आतलं तापमान 37 च्या आसपास राखतं. उन्हानं थकवा येतो, चक्कर येते, लू लागते. पण पाळी गेलेल्या बाईच्या गर्भपिशवीतून रक्त जात असेल, तर त्याचं कारण पिशवीतच शोधावं लागतं.

पॉलिप म्हणजे पिशवीच्या आतल्या अस्तराला फुटलेला मऊ कोंब. कधी देठावर लोंबणारा, कधी बसका. काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंत. पाळीच्या वयात हे अस्तर दर महिन्याला इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे वाढतं, प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक त्या वाढीला आवर घालतं आणि शेवटी ते गळून पडतं. एखाद्या ठिकाणच्या पेशी मात्र इस्ट्रोजेनचं तेवढं ऐकतात आणि प्रोजेस्टेरॉनला फारसं जुमानत नाहीत. तेवढा भाग गळत नाही, वाढत राहतो, स्वतःची रक्तवाहिनीही धरतो. म्हणून त्यातून रक्त जातं.

मग पाळी गेल्यावर, बीजकोश शांत झाल्यावर, इस्ट्रोजेन येतं कुठून? चरबीतून. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी पुरुषी संप्रेरकं थोडी थोडी बनवत राहतात आणि चरबीतलं अरोमाटेज नावाचं विकर त्यांचं इस्ट्रोजेन करतं. जितकी चरबी जास्त, तितका हा कारखाना मोठा. शिवाय रक्तात इस्ट्रोजेनला बांधून ठेवणारं प्रथिन लठ्ठपणात कमी होतं, त्यामुळे मोकळं इस्ट्रोजेन आणखी वाढतं. आणि बीज सुटणंच बंद झालेलं असल्यानं आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन जवळजवळ नसतंच. पीसीओएस हा बीजकोशाचा विकार असलेल्या तरुण मुलींतही बीज वेळेवर सुटत नाही, म्हणून अस्तराची तीच गत होते. आपल्याकडे बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या वर गेली की पोटाची चरबी जास्त मानतात. घरी टेप लावून हे मोजता येतं, आणि मोजावं.

वय हा मोठा घटक आहेच. पॉलिप चाळिशी-पन्नाशीत जास्त सापडतात, पाळी सुरू होण्याआधी जवळजवळ नाहीच. बीपी आणि शुगर असलेल्या बायकांतही ते जास्त दिसतात. पण वय, वजन, बीपी ही मंडळी एकत्रच येत असल्यानं एकट्या बीपीचा वाटा वेगळा काढणं कठीण जातं. काही घराण्यांत आतड्याच्या आणि गर्भपिशवीच्या कर्करोगाचा वारसा असतो, लिंच सिंड्रोम म्हणतात त्याला. त्या बायकांनाही धोका जास्त.

एका गोळीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं: टॅमॉक्सिफेन. स्तनाच्या कर्करोगानंतर ती बहुधा 5 ते 10 वर्षं घ्यावी लागते. स्तनात ही गोळी इस्ट्रोजेनची वाट अडवते, पण गर्भपिशवीत स्वतःच इस्ट्रोजेनसारखी वागते. त्यामुळे ती घेणाऱ्या बायकांत पॉलिप बऱ्याच जास्त प्रमाणात आढळतात. पण म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही, ती जीव वाचवते. डाग दिसला, तर त्याच आठवड्यात कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगायचं. पाळी गेल्यानंतर घेतलेल्या हार्मोनच्या गोळ्यांचंही डॉक्टरांपासून लपवू नये.

बहुतेक पॉलिप साधे असतात. कर्करोग किंवा त्याची पूर्वस्थिती शंभरातल्या साधारण तिघींत सापडते. पाळी गेल्यावर रक्त जात असेल, तर हे प्रमाण वाढतं. एक सेंटिमीटरहून लहान पॉलिप पाळीच्या वयात कधीकधी आपोआप जिरतात. पाळी चालू असेल, तर सोनोग्राफी पाळी संपल्या-संपल्या करावी. तेव्हा अस्तर पातळ असतं आणि कोंब नीट दिसतो.

आणि पॉलिप निघाला म्हणून पिशवी काढायची नसते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण "काय करायची आता ती पिशवी" हे वाक्य मावशीला घरातच तीन वेळा ऐकावं लागलं. नुसतं क्युरेटिंग, म्हणजे अस्तर खरवडून काढणं, केलं तर ते अंदाजानं होतं, कोंब तसाच राहू शकतो. दुर्बिणीतून डोळ्यांनी बघून तो देठापासून काढता येतो आणि तपासायला पाठवता येतो.

मावशीला सकाळी नेलं, संध्याकाळी घरी आणलं. आठवड्यानं रिपोर्ट आला, पॉलिप साधाच होता. पुन्हा डाग दिसला, तर दुसऱ्याच दिवशी फोन करायचं तिनं कबूल केलं आहे.