एका शालीवरून कोर्टापर्यंत: व्हिक्टोरियन कामगार घरातल्या कपडेचोरीची पार्श्वभूमी

बहिणीची शाल न विचारता नेली, बापाचे बूट विकून आला, असल्या तक्रारी राणी व्हिक्टोरियाच्या काळात (1837 ते 1901) इंग्लंडमधल्या कोर्टांत यायच्या आणि आज वाचताना वाटतं की घरातल्या घरात एवढ्यासाठी कोर्ट कशाला. पण त्या घरात बँकेत टाकायला काही उरायचंच नाही, जी काय शिल्लक असायची ती अंगावरच्या आणि खुंटीवरच्या कपड्यांत. म्हणून शाल गेली की बहिणीची बचतच गेली, आणि मला वाटतं हे धरल्याशिवाय ही भांडणं कळतच नाहीत.

पगार बहुतेक शनिवारी व्हायचा आणि आठवडा संपायच्या आत पैसे संपायचे. मग रविवारचे चांगले कपडे सोमवारी पॉनशॉपमध्ये, म्हणजे वस्तू ठेवून घेऊन कर्ज देणाऱ्या दुकानात, गहाण ठेवायचे, शनिवारी सोडवायचे, रविवारी घालायचे आणि सोमवारी परत तिकडेच, आणि ही ने-आण जास्त करून घरातली बाईच करायची. 1872 च्या कायद्याने छोट्या कर्जावरचं व्याज ठरवून दिलं, 2 शिलिंगमागे महिन्याला अर्धा पेनी (12 पेनींचा एक शिलिंग), म्हणजे वर्षाला 25 टक्के, पण कपडा पाचच दिवस ठेवला तरी महिन्याचं पूर्ण व्याज लागायचं, त्यामुळे दर आठवड्याला ठेव-सोडव करणाऱ्या बाईला ते कितीतरी महाग पडायचं. 10 शिलिंगपर्यंतच्या कर्जातली वस्तू एक वर्ष आणि वरच्या 7 दिवसांत सोडवली नाही तर ती सरळ दुकानदाराची. हा खरंतर गरिबांवरचा अन्यायच होता असं माझं स्पष्ट मत आहे.

आता अशा घरात एकीने दुसरीची शाल गहाण टाकली तर ती चोरी की उसनवारी? शनिवारी परत आली तर कोणी काही बोलणार नाही, नाही आली तर बोंबाबोंब. आणि प्रकरण कोर्टात गेलंच तर पुरावा बहुतेक दुकानातच मिळायचा, आरोपीच्या खिशात गहाणाची पावती सापडायची, दुकानातला माणूस येऊन साक्ष द्यायचा आणि मालकीण कापडावर टाक्यांनी काढलेली आपली अक्षरं किंवा ओळखीचं ठिगळ दाखवायची.

1861 ते 65 मध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांना कापूस मिळेना तेव्हा तर तिथल्या घरांतली पांघरुणंसुद्धा गहाण पडली, आणि त्याच वर्षांत इकडे मुंबईच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला होता.

कायदाही बदलत गेला. 1 शिलिंगच्या आतली छोटी चोरी आणि वरची मोठी हा जुना भेद 1827 मध्येच गेला होता. 1847 पासून 14 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या किरकोळ चोऱ्या ज्युरीशिवाय मॅजिस्ट्रेटच निकाली काढायला लागले, पोरांना फटक्यांची शिक्षाही व्हायची, आणि 1855 पासून 5 शिलिंगच्या आतल्या चोरीत मोठ्यांनाही, त्यांची तयारी असेल तर, तिथेच निकाल मिळायला लागला.

नवराबायकोचं मात्र वेगळंच होतं. कायद्याच्या नजरेत दोघं एकच, त्यामुळे बायकोने नवऱ्याचा कोट विकला तरी ती चोरी होत नव्हती, पण तिच्या स्वतःच्या अंगावरचे कपडेही बहुतांशी नवऱ्याचेच धरले जायचे. 1882 च्या कायद्याने बायकोची मालमत्ता तिची झाली, तरी एकत्र राहत असताना एकमेकांवर चोरीची केस करता यायची नाही, सोडून जाताना नेलं असेल तरच.

मुलांच्या बाबतीत बापापुढे वेगळा पेच होता. 1854 च्या कायद्याने 16 वर्षांखालच्या गुन्हेगार मुलाला आधी तुरुंगात निदान 14 दिवस आणि मग सुधारशाळेत 2 ते 5 वर्षं पाठवता यायचं, आणि त्याच्या खर्चासाठी आईबापाकडून आठवड्याला 5 शिलिंगपर्यंत वसूल करता यायचे. आठवड्याला जेमतेम 20 शिलिंग कमावणाऱ्या मजुराने बुटांच्या एका जोडापायी ते अंगावर घेण्यापेक्षा पावती शोधून बूट सोडवून आणले असतील आणि पोराला घरीच चोपलं असेल, हे सहज समजण्यासारखं आहे.